कार्ड एक, खिसे दोन

ताई, नमस्कार.

आम्ही दांडिया बाजारात राहतो. घरात सहा माणसं, मुलगा एकोणीस वर्षांचा. मिस्टर मकरपुऱ्याला जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका कारखान्यात आहेत, पगार महिना तीस हजार. २०१८ मध्ये आम्ही गुजरात सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचं, मा वात्सल्यचं, कार्ड काढलं होतं. त्यावर पाचच नावं बसली, सासूबाईंचं राहून गेलं. आता त्या ६८ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघे गेलेत, डॉक्टर ऑपरेशनच सांगतात. सासरे ७४ वर्षांचे, त्यांना स्टेंट आहे. परवा हॉस्पिटलच्या खिडकीवर जुनं कार्ड दाखवलं, तर आतला मुलगा म्हणाला, "बेन, हे आता चालत नाही."

नणंदेचे यजमान म्हणतात, दिल्लीची आयुष्मान आली आणि गुजरातची मा बंद झाली. दीर म्हणतात, बंद कुठली, पाच लाखांचे दहा झालेत. शेजारच्या काकू सांगतात, सत्तरीच्या वरच्यांना आणखी वेगळे पाच. कुणाचं खरं?

शिवाय माझी आई, वय ७१, नाशिकला भावाकडे असते. तिच्या पित्ताशयात खडे झालेत. तिथे त्यांची महात्मा फुले योजना आहे. वहिनीची नोकरी आहे, म्हणून वाटतं की आईला इथे आणून ऑपरेशन करून घ्यावं. तिथलं कार्ड इथे चालेल का? माझा भाचा न्यू जर्सीला आहे. तो म्हणतो, अमेरिकेतही असाच केंद्र-राज्याचा घोळ आहे. तो तिथला घोळ सांगतो, पण इथला कोण सांगणार?

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

*

ताई,

तुमच्या नणंदेचे यजमान अर्धे बरोबर आहेत, दीर पाऊण, आणि शेजारच्या काकू जवळजवळ पूर्ण. मी स्वतः बरीच वर्षं एका हॉस्पिटलच्या विम्याच्या खिडकीमागे बसले आहे. त्यामुळे "बेन, हे आता चालत नाही" हे वाक्य मीही शेकडो वेळा उच्चारलंय. मागे रांग असायची म्हणून पुढचं सांगायला वेळ मिळायचा नाही. ते आज सांगते.

आधी सासूबाई, कारण त्यांचं दुखणं थांबणारं नाही. त्यांचं नाव राहिलं ते तुमच्या चुकीने नाही. मा योजनेत एका कुटुंबातली पाचच माणसं बसायची: कर्ता, त्याची बायको आणि वरची तीन. आमच्या घरीही तेच झालं होतं. आम्ही दोघं, दोन मुलं, म्हणजे उरली एक जागा. सासरे की सासूबाई? सासऱ्यांचं हृदय नाजूक, म्हणून त्यांचं नाव घातलं. आठ महिन्यांनी पाय घसरून पडल्या त्या सासूबाई. खुब्याचं ऑपरेशन घरातल्या सोन्यावर झालं. सासरे त्यानंतर नऊ वर्षं ठणठणीत होते आणि रोज सकाळी शेव-उसळ आणायला स्वतः जायचे. पाचव्या जागेचा निर्णय कुठल्याच सुनेवर यायला नको होता, असं मला अजून वाटतं.

ती पाचाची अट आता नाही. केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत (पीएमजेएवाय, हीच तुमची 'दिल्लीची आयुष्मान') कुटुंबात किती माणसं असावीत याला मर्यादा नाही, वयाचीही अट नाही आणि आधीपासूनचा आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. मा योजना तिच्यात मिसळल्यावर गुजरातच्या कुटुंबांनाही हा नियम लागला. दिल्लीच्या योजनेने तुमच्या घरात काय बदललं, असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच: सासूबाई आत आल्या. लाखांचे आकडे नंतर.

आता मा बंद झाली का? ती बंद झाली म्हणण्यापेक्षा तिचं लग्न झालं म्हणा. सासरचं नाव पुढे लागलं आणि माहेरचं शेवटी राहिलं: पीएमजेएवाय-मा. मुख्यमंत्री अमृतम म्हणजे 'मा' सुरू झाली सप्टेंबर २०१२ मध्ये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी, वर्षाला दोन लाखांची. २०१४ मध्ये तुमच्या-आमच्यासारख्या 'गरीब नाही पण परवडतही नाही' अशा घरांसाठी मा वात्सल्य आली. ती दारिद्र्यरेषा बघत नव्हती, उत्पन्नाचा दाखला बघायची, आणि तिची मर्यादा पुढे वाढत गेली. आजारांची यादी मात्र मोठ्या दुखण्यांची होती: हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कर्करोग, भाजणं, मोठे अपघात, नवजात बाळं. सांध्यांची भर नंतर पडली. पित्ताशयातल्या खड्यासारखी मधली दुखणी तिच्या खिजगणतीत नव्हती.

मग २३ सप्टेंबर २०१८ ला रांचीहून केंद्राची योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख, मोठ्या शस्त्रक्रियांबरोबर मधली दुखणीही, भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस औषधांसह. पण केंद्राने माणसं निवडली ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवरून. त्या यादीत तुमचं नाव असणं किंवा नसणं तुमच्या हातात नव्हतं. जी घरं यादीत होती त्यांना केंद्राची योजना मिळाली. नव्हती त्यांच्याकडे मा राहिली. दोन-तीन वर्षं एकाच हॉस्पिटलात दोन पाट्या, दोन पोर्टल, दोन प्रकारचे दर. खिडकीमागे आम्ही दोन वेगळ्या रंगांच्या फायली ठेवायचो आणि तरी चुकायचो. २०२१ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि ऑक्टोबर २०२२ पासून नव्या एकत्र कार्डांचं वाटप सुरू झालं. तुमचं २०१८ चं कार्ड त्याच्या आधीचं. त्याला आधारची केवायसी नाही आणि त्यामागचा उत्पन्नाचा दाखलाही जुना झाला. खिडकीतला मुलगा खरं बोलला, फक्त अर्धंच. कार्ड मेलं, हक्क नाही मेला.

आता दीरांचे दहा लाख. ते खरे आहेत, ११ जुलै २०२३ पासून. पण हे दहा लाख कुणाच्या खिशातून येतात ते समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या भानगडी तिथेच आहेत. केंद्राच्या योजनेचा खर्च केंद्राने साठ टक्के आणि राज्याने चाळीस टक्के उचलायचा असतो. (ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं वेगळी, तिथे नव्वद-दहा.) पण केंद्राचे साठ टक्के हे केंद्राच्या यादीतल्या कुटुंबांपुरते, आणि तेही ठरवून दिलेल्या रकमेवर. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला १,०५२ रुपये अशी वरची रेघ मारली होती. म्हणजे दिल्लीकडून येणार सहाशे तीसेक रुपये. राज्याने यादीबाहेरची घरं आत घेतली, पाचाचे दहा लाख केले, तर तो वरचा भार राज्याचा. तुमच्या पाकिटात कार्ड एकच दिसतं, पण त्याला खिसे दोन आहेत.

याचा तुमच्याशी संबंध असा. गुजरातमध्ये उपचार घ्याल तर हा फरक तुम्हाला जाणवायचा नाही. पण उद्या कुणी म्हणालं, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जाऊ, आपल्याकडे दहा लाखांचं कार्ड आहे, तर थांबा. योजनेत असलेल्या राज्यांत कुठेही चालतो तो केंद्राच्या योजनेचा हक्क, पाच लाखांचा. वरचे पाच गुजरातचे आहेत, ते वापीच्या पुढे बरोबर येतील असं गृहीत धरू नका. आणि तुमचं घर २०११ च्या यादीतून आत आलेलं नसून उत्पन्नाच्या दाखल्यावर आलेलं असेल, तर परराज्यात जाण्याआधी आरोग्यमित्राला (हॉस्पिटलातल्या योजनेच्या मदतनीसाला) एकच प्रश्न विचारा: "आमची कॅटेगरी कोणती?" त्याच्या पडद्यावर ते दिसतं. १४५५५ या योजनेच्या मदत क्रमांकावरही विचारता येतं. तिकिटं त्यानंतर काढा.

तुमचा पगार मी मुद्दाम दोनदा वाचला. महिना तीस हजार म्हणजे वर्षाला तीन लाख साठ हजार. मर्यादा चार लाखांची आहे आणि ती कुटुंबाच्या उत्पन्नाची, एकट्या मिस्टरांच्या नाही. मुलगा उद्या दहा हजारांवर कुठे चिकटला तर तुम्ही त्या रेघेच्या पलीकडे जाल. ही या योजनेतली सगळ्यात वाईट जागा आहे असं माझं मत आहे. तीन लाख नव्वद हजारांवर सगळं मिळतं, चार लाख दहा हजारांवर काहीच नाही, आणि गुडघे तेच असतात. दाखला खोटा काढू नका, एवढंच सांगेन. आज खरा दाखला मिळतोय तर आजच मामलतदार कचेरीच्या जनसेवा केंद्रातून उत्पन्नाचा (इथल्या भाषेत आवकचा) दाखला काढा. तो तीन वर्षं चालतो. मा वात्सल्यमध्ये साठीच्या वरच्या ज्येष्ठांसाठी मर्यादा सहा लाखांपर्यंत ठेवलेली होती. सासूबाईंचं कार्ड करताना तेही विचारून घ्या.

दाखला काढताना आपल्या मराठी घरांची एक खास अडचण येते, ती आधीच निस्तरा. आधारवर 'सुमन दत्तात्रय जोशी', रेशनकार्डावर 'जोशी सुमनबेन दत्तात्रयभाई', आणि शाळेच्या दाखल्यावर लग्नाआधीचं तिसरंच. चार पिढ्या बडोद्यात काढल्या तरी आपण नाव आधी लिहितो आणि कचेरी आडनाव आधी लिहिते. माणसाला हे एकच नाव आहे हे कळतं, यंत्राला कळत नाही. माझ्या खिडकीवर परत गेलेल्या दर दहा मराठी बायकांमागे निदान चार या 'बेन'मुळे गेल्या असतील. (हा माझा अंदाज, मोजून ठेवलेलं नाही.) रेशनकार्ड आधाराप्रमाणे करून घ्या. आठवडा जाईल, पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रडण्यापेक्षा बरं.

सासऱ्यांचं सोपं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं. लागतं फक्त आधार, आणि वय आधारवरचंच धरतात. कुटुंब आधीच योजनेत असेल तर सत्तरीच्या माणसाला स्वतःचे वेगळे पाच लाख, त्यात घरातल्या बाकीच्यांचा वाटा नाही. कुटुंब योजनेत नसेल तरी पाच लाख मिळतात, फक्त घरात सत्तरीचे दोघं असतील तर ते दोघांत मिळून. शेजारच्या काकूंनी हा शेवटचा बारकावा सोडला, बाकी बरोबर. म्हणजे सासऱ्यांच्या हृदयापायी सासूबाईंच्या गुडघ्यांना कात्री लागेल ही भीती कमी झाली. तुम्ही मनात म्हणाल, सासूबाईंना सत्तर लागायला दोनच वर्षं आहेत, थांबावं का? नको. कुटुंबाच्या कार्डात त्या आज बसतात. दोन वर्षं जिना न उतरलेल्या बाईचे पाय नुसत्या नव्या सांध्याने चालत नाहीत.

गुडघ्याच्या पॅकेजात, म्हणजे योजनेने ऑपरेशनसाठी ठरवलेल्या एकत्र दरात, सांध्याची किंमत, भूल, खोली, जेवण, औषधं सगळं आलेलं असतं. "इम्प्लांट जरा बरं टाकू, वरचे चाळीस हजार तेवढे रोख द्या," असं कुणी म्हणालं तर तो प्रस्ताव नाही, नियमभंग आहे. असं बोलणारे सहसा कागदावर लिहून देत नाहीत. तुम्ही लिहून मागा, मागणी आपोआप बारीक होते. आणि खासगीच हवं असा हट्ट धरू नका. सरकारी सयाजी हॉस्पिटललाही या कार्डावर केलेल्या उपचारांचे पैसे मिळतात, फुकट कुणी राबत नाही. तिथल्या अस्थिरोग विभागात आधी दाखवून या. तारीख लांबची मिळेल, पण ऑपरेशन खरंच आत्ता हवं का याचं दुसरं मत तरी मिळेल.

हे दुसरं मत मी उगाच सांगत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयाने कडी तालुक्यातल्या गावात शिबिर भरवलं, माणसं बसने नेली आणि अनेकांच्या अँजिओप्लास्टी करून टाकल्या. दोघं दगावले. त्यानंतर अटका झाल्या, रुग्णालय योजनेतून गेलं, आणि सरकारने हृदय, कर्करोग, सांधेबदल वगैरे पॅकेजांचे नियम कडक केले. म्हणून आता कागद जास्त मागतात, जुने एक्स-रे मागतात, मंजुरीला दिवस लागतात. त्या खिडकीवर चिडू नका. तुम्हाला नको असलेलं ऑपरेशन होऊ नये म्हणूनच तो कागद मागितला जातोय.

कधी हॉस्पिटलच म्हणेल, "सध्या आम्ही या कार्डावर घेत नाही." तेही दर वेळी लबाडी नसते. फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी गुजरातच्या बऱ्याच खासगी हॉस्पिटलांनी थकलेल्या बिलांवरून काही दिवस योजनेचे रुग्ण घेणं थांबवलं होतं. त्याच्या आदल्या ऑगस्टमध्ये डायलिसिसचा दर २,००० वरून १,६५० वर आणला म्हणून मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी तीन दिवस काम बंद ठेवलं. योजना दिल्लीच्या नावाची असली तरी हॉस्पिटल जोडणं, बिलं वेळेवर देणं आणि दरांची ओढाताण ही कामं गांधीनगरची. तक्रार करायची असेल तर पत्ता चुकवू नका.

आता तुमच्या भाच्याचं. तो म्हणतो ते खरं आहे, आणि साम्य बघण्यासारखं आहे. अमेरिकेत गरिबांसाठीची मेडिकेड १९६५ पासूनची, केंद्र आणि राज्य दोघांच्या पैशांवर चालणारी. २०१० मध्ये ओबामांनी कायदा केला की दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या सगळ्या प्रौढांना राज्यांनी आत घ्यावं. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, राज्यांवर अशी जबरदस्ती करता येणार नाही. झालं, न्यू जर्सीने घेतलं, टेक्सासने नाही. केंद्र नव्या लोकांच्या खर्चाचा नव्वद टक्के भार उचलतंय तरीही. आपल्याकडे पश्चिम बंगाल जानेवारी २०१९ मध्ये बाहेर पडला. ओडिशा आणि दिल्ली २०२५ पर्यंत आत आले नव्हते. आजारी माणूस कुठल्या राज्याच्या हद्दीत पडला यावर त्याचं बिल ठरतं, ते इथेही आणि तिथेही.

त्यावरूनच आईकडे येते. महात्मा फुले योजना ही महाराष्ट्राची, तिची सुरुवात २०१२ ची, म्हणजे आपल्या माची जुळी बहीणच. २०२० मध्ये तीही केंद्राच्या योजनेशी जोडली गेली आणि आता राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू आहे. पण महाराष्ट्राने आपल्या पैशाने जे लोक आत घेतले, त्यांचा तो हक्क महाराष्ट्रातल्या हॉस्पिटलांपुरता. ते कार्ड घेऊन बडोद्याला आलात तर इथली खिडकी तुम्हाला तेच वाक्य ऐकवेल.

आईचं वय ७१ आहे, ही तुमची खरी किल्ली. तिचं वय वंदना कार्ड काढा. ते केंद्राच्या योजनेचं आहे, म्हणून राज्याबाहेरही चालतं. भावाने नाशिकमध्येच आधारवर ते करून घ्यावं, मोबाईलवरही होतं, आणि आई निघण्याआधी इथल्या हॉस्पिटलात कार्डाचा क्रमांक घालून नाव उघडतं का ते बघावं. मंजुरीच्या कागदात दोन राज्यं आली की वेळ जातो, तेवढं मनात धरा. महाराष्ट्रात शंभरावर उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले आहेत. गुजरातची अशी यादी वेगळी असू शकते, म्हणून तिकडे एक आणि इकडे एक उत्तर मिळालं तर दोन्ही खरी असू शकतात.

पण ताई, तुम्ही विचारलेलं नाही तेही बोलते. नाशिकला हॉस्पिटलं आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तर माणूस बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत घरी येतो. ७१ वर्षांच्या बाईला रात्रीच्या गाडीने इथे आणायचं, तेही त्याच महिन्यात जेव्हा सासूबाईंचे गुडघे व्हायचेत, आणि दोघींची उशापायथ्याची सेवा तुम्ही एकट्याने करायची? वहिनीची नोकरी आहे हे मला समजतं. मग तुम्ही आठवडाभर नाशिकला जा. इथे त्या आठवड्यात मिस्टरांनी आणि मुलाने स्वयंपाकघर सांभाळावं, एकोणीस वर्षांच्या मुलाला खिचडी आलीच पाहिजे. आईला इथे यायचंय ते लेकीजवळ राहायला, असं असेल तर बरी झाल्यावर आणा, महिनाभर ठेवा. त्याला कुठलं कार्ड लागत नाही.

जुनं मा कार्ड फेकू नका, दाखल्याच्या अर्जाबरोबर त्याची झेरॉक्स जोडा. जुना नोंदणी क्रमांक सापडला की पुढचं काम सोपं जातं. आणि सयाजीत जाल तर सोमवार टाळा.